देवाच्या घराला नांगर

श्रोतेहो, अंबडहून जालन्याला जाणं तुम्हांला नवं नाही. त्या जालन्याजवळच्या बेथेल गावाची ही हकीकत ऐका. बेथेल म्हणजे देवाचं घर.

ते वसवलं नारायण शेषाद्री यांनी. जन्म ब्राह्मण कुळातला. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे जालन्यात मांग समाजातली माणसं ख्रिस्ती झाली. पण प्रार्थना करून उठल्यावर खायचं काय? शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली. तिथं देऊळ झालं, तशी शाळा नि शेतीही आली.

संत पौल तंबू शिवून पोट भरी. शिष्यानं दुसऱ्यावर भार होऊ नये, हाच त्याचा धडा.

१८९१ साली शेषाद्री वारले. गुरुजी, मुलांना एवढं सांगा: ज्यांना शिवेबाहेर ठेवलं, त्यांच्या हाती नांगर आला, तीही उपासनाच, बरं का!