कांचेंतला समुद्र आणि त्याचें माजघर



समुद्राचा एक लहानसा तुकडा घरीं आणून कांचेंत ठेवावा, ही हौस माणसाला लागून पावणेदोनशें वर्षें झालीं. तिच्या इतिहासाविषयीं आज मी आपणांशीं चार शब्द बोलणार आहें. मी कांहीं मत्स्यशास्त्रज्ञ नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकलों आणि सारा जन्म कोंकणांत खाडीकांठच्या एका शाळेंत मुलांना शिकविण्यांत गेला. परंतु ह्या विषयाचें एक जुनें देणें माझ्या डोक्यावर आहे. तेंच प्रथम सांगतों.

नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं सुरू झालेलें तारापोरवाला मत्स्यालय मीं लहानपणीं पाहिलें होतें. कांचेपलीकडे संथपणें फिरणारे ते मासे कधीं डोळ्यांपुढून हललेच नाहींत. आपल्या वर्गांतील मुलांनाही असें कांहीं दाखवावें, ह्या उत्साहानें मीं एक जुनी कांचेची पेटी मिळविली, मुलांकरवीं कळशी-कळशीनें समुद्राचें पाणी आणविलें, आणि खडकांतील डबक्यांत पकडलेले सात लहान मासे व एक खेकडा तींत सोडला. पहिल्या दिवशीं सारी शाळा त्या पेटीभोंवतीं जमली. प्रत्येक मुलानें आपल्या डब्यांतलीं भाताचीं चार शितें मोठ्या प्रेमानें आंत टाकलीं. तिसऱ्या दिवशीं पाणी दुधाळ झालें. चौथ्या दिवशीं वास सुटला. पांचव्या दिवशीं सकाळीं सातही मासे पालथे तरंगत होते. मुलें गप्प उभीं राहिलीं. मग एकानें विचारलें, “गुरुजी, पाणी तर समुद्राचेंच होतें ना?”

मीं म्हटलें, “मासे नाजूक असतात रे.” तें उत्तर नव्हतें, ती पळवाट होती, आणि मुलांना ह्या दोहोंतील फरक कळतो, हें शिक्षकाइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

पुढें सेवानिवृत्तीनंतर वाचनास वेळ मिळाला, तेव्हां कळलें कीं ह्याच प्रश्नापाशीं माझ्याहून कितीतरी थोर माणसें अडखळलीं होतीं.

१८४६ सालीं ॲना थिन नांवाची एक इंग्रज बाई टॉर्की येथील समुद्रकांठीं गेली होती. तेथील खडकांवरचे कांहीं दगडी प्रवाळ तिला इतके आवडले कीं ते लंडनला घरीं न्यावे असें तिनें ठरविलें. सुईदोऱ्यानें तिनें ते प्रवाळ एका स्पंजास टांचले आणि कांचेच्या भांड्यांत ठेवून नेले. लंडनला समुद्र नाहीं. आणलेलें पाणी संपत आलें, तेव्हां आहे तेंच पाणी पुनःपुन्हां वापरणें तिला भाग पडलें. पाण्यांत हवा मिसळावी म्हणून उघड्या खिडकीपुढें एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत तें वरून ओतावयाचें, पुन्हां परत ओतावयाचें, असा क्रम एकेका वेळीं अर्धा-पाऊण तास चाले. हें काम तिच्या घरची एक लहानगी दासी करी. आज आपण वीस वॉटचा पंप लावून मोकळे होतों. परंतु जगांतील पहिल्या मत्स्यालयांपैकीं एकाचा पंप म्हणजे त्या पोरीचे दोन हात होते, हें विसरूं नये.

पुढच्या वर्षीं, म्हणजे १८४७ मध्यें, ॲना थिननें त्या पाण्यांत समुद्रांतील जिवंत शेवाळ आणवून ठेवलें, आणि दासीच्या श्रमांचें बरेंचसें काम त्या हिरव्या पानांनीं उचललें. पुढें दोन-तीन वर्षें तिचे जीव त्याच पाण्यांत सुखानें नांदले.

ह्यामागचें शास्त्र मांडलें तें रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञानें. १८५० सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत त्यानें गोड्या पाण्याच्या एका कांचपात्राची हकीकत सांगितली आहे. त्यांत त्यानें मासे सोडले आणि पाणवनस्पति लावली. मासा कर्बवायु सोडतो, वनस्पति तो घेऊन उजेडांत प्राणवायु देते. हिशेब जुळला असें त्याला वाटलें. परंतु थोड्याच दिवसांत वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं आणि पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यानें त्यांत गोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाल्लीं, त्यांचीं अंडीं व पिलें माशांनीं खाल्लीं, आणि पाणी पुन्हां निवळलें. दोघांच्या संसारास तिसरा आवश्यक होता, हा वॉरिंग्टनचा खरा शोध होय. पुढें समुद्राच्या पाण्यावर प्रयोग करतांना लाल-तपकिरी शेवाळापेक्षां हिरवें शेवाळ अधिक उपयोगी पडतें, असेंही त्याला आढळून आलें.

ह्या हौशीला घरोघर नेण्यांत दोन गोष्टींनीं हात दिला. इंग्लंडमध्यें कांचेवरचा कर १८४५ सालीं उठला आणि कांच स्वस्त झाली. दुसरी गोष्ट म्हणजे फिलिप हेन्री गॉस ह्या निसर्गशास्त्रज्ञाची लेखणी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं लोकांसाठीं जलगृह उघडलें गेलें, त्याच्या उभारणींत गॉसचा मोठा वांटा होता. आणि १८५४ सालीं त्याचें ‘द ॲक्वेरियम’ हें पुस्तक निघालें. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठीं चार क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृतिही त्यानें प्रसिद्ध केली. अशा पाण्यांत प्रथम केवळ हिरवें शेवाळ ठेवून कांहीं दिवस वाट पाहावी आणि मगच प्राणी सोडावे, असा त्याचा क्रम होता. हा क्रम मला आधीं ठाऊक असता तर!

परंतु ह्या हौशीला दुसरी बाजूही होती. पुस्तकें वाचून लोक टोपल्या आणि पहारी घेऊन किनाऱ्यावर लोटले. गॉसचा मुलगा एडमंड ह्यानें १९०७ सालीं लिहिलेल्या आत्मचरित्रपर पुस्तकांत, बालपणीं पाहिलेलीं खडकांतील तीं सुंदर कुंडें संग्राहकांच्या झुंडींनीं कशीं उजाड केलीं, हें मोठ्या दुःखानें नमूद केलें आहे; आणि ह्यास आपल्या वडिलांचींच पुस्तकें कारण झालीं हेंही त्यानें लपविलें नाहीं. घरांत समुद्र आणतांना बाहेरचा समुद्र लुटला गेला.

घरगुती मत्स्यालयें मात्र बहुधा लवकरच नासत. हिरवें शेवाळ आणि मासे एकाच पेटींत ठेवले कीं मासे शेवाळ कुरतडत, शेवाळ कुजे, पाणी बिघडे. उजेड जास्त झाला तर कांचेवर हिरवा थर चढे. कमी झाला तर शेवाळ मरे. विल्यम आल्फर्ड लॉइड ह्यानें ह्यावर निराळा उपाय काढला. १८७१ सालीं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें उघडलेल्या मत्स्यालयांत, प्रेक्षकांना दिसणाऱ्या टांक्यांखालीं त्यानें त्यांच्या कितीतरी पट पाणी मावेल असा अंधारा हौद बांधला, आणि वरचें पाणी खालीं व खालचें वर असें पंपानें सतत फिरत ठेवलें. वर जें बिघडे तें खालच्या मोठ्या सांठ्यांत विरून जाई. युक्ति नामी, परंतु श्रीमंतांची. ज्याला एक पेटीच जेमतेम परवडते, त्यानें तिच्या कितीतरी पट मोठा हौद कोठून आणावा?

पाणी नेमकें बिघडतें कशानें, ह्याचा उलगडा होण्यास १८९० साल उजाडलें. सर्गेई विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञानें त्या सुमारास दाखविलें कीं कुजण्यांतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचें दोन पायऱ्यांनीं नायट्रेट करणारे सूक्ष्मजंतु असतात. हे जंतु वाळूवर, दगडांवर सर्वत्र वस्ती करतात; परंतु ती वस्ती वाढण्यास आठवडे लागतात. माझ्या पेटींत मीं मासे पहिल्या दिवशीं सोडले, आणि चाळीस मुलांचा भात त्यांच्यावर लोटला. त्यांना खरें मारलें तें माझ्या घाईनें.

विसाव्या शतकांत दोन माणसांनीं ही कथा पुरी केली. जकार्ता येथील ली चिन एंग ह्यानें १९६१ सालीं एका अमेरिकन मासिकांत आपली साधी रीत प्रसिद्ध केली. समुद्रांतील सजीव दगड, सूर्यप्रकाश आणि हवेचे थोडे बुडबुडे, एवढ्यावर तो मासे व प्रवाळ जगवीत असे. दुसरा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेंतील वॉल्टर एडी. तेथील निसर्गविज्ञान संग्रहालयांत १९८० सालीं त्यानें जिवंत प्रवाळभित्ति लोकांपुढें मांडली. पाणी शुद्ध राखण्यासाठीं त्यानें शेवाळ निराळ्या थाळ्यांत वाढविलें. वाढलेलें शेवाळ अधूनमधून खरवडून काढलें कीं त्याबरोबर पाण्यांतील नायट्रेटही बाहेर जाई. अशाच विचारानें मत्स्यपालकांत एक प्रथा रूढ झाली: माशांच्या पेटीला लागूनच, पण माशांना जेथें प्रवेश नाहीं, असा एक कप्पा ठेवावयाचा. त्यास लॅटिन शब्दानें ‘रेफ्यूजियम’, म्हणजे आश्रयस्थान, म्हणतात. मी त्याला माजघर म्हणतों. आपल्या घरीं पाहुणे ओटीवर बसतात, शोभा ओटीची. परंतु घर चालतें तें माजघराच्या जिवावर.

आतां बेताच्या खर्चांत हें माजघर कसें करावें, तें थोडक्यांत सांगतों. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी दहा मिलिमीटर जाडीच्या कांचेची पेटी घ्यावी. जुनी मिळाल्यास उत्तम. तींत सुमारे १९० लिटर पाणी मावतें, म्हणून खालचें लांकडी मेज भक्कम हवें. एका टोकाला नऊ-दहा इंच सोडून आंत उभी कांच सिलिकॉननें चिकटवावी. ती कांचवाल्याकडील उरल्यासुरल्या तुकड्यांतून निघते. तिच्या वरच्या कडेस फणीसारखे दांते असलेली पट्टी लावावी, म्हणजे पाणी ओलांडेल, मासे ओलांडणार नाहींत. ह्या कप्प्यांत वाळू, कांहीं दगड आणि हिरव्या तारांच्या गुंत्यासारखें दिसणारें कीटोमॉर्फा नांवाचें शेवाळ ठेवावें. पुढें दुसरी कांच, तिच्या तळाशीं फट. त्यापलीकडच्या अरुंद कोपऱ्यांत लहान पंप, जो पाणी पुन्हां माशांकडे पोंचवितो. शेवाळांत पिसवांएवढे बारीक जीव निर्भयपणें वाढतात, आणि त्यांतले कांहीं पंपांतून वाहत जाऊन माशांच्या तोंडीं पडतात. घरचेंच धान्य म्हणा ना!

शेवाळावर एक स्वस्त दिवा टांगावा आणि तो रात्रीं, माशांकडचा उजेड मालवल्यावर, लावावा. त्यामुळें रात्रीं प्राणवायु एकदम घटत नाहीं. पाणी आटतें तें पंपाच्या कोपऱ्यांत दिसतें. तेथें एक रेघ ओढून ठेवावी व तेवढें गोडें पाणी घालावें, खारें नव्हे. कारण वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेंच राहतें. पाण्याचें विशिष्टगुरुत्व १.०२५ च्या आसपास असावें. आपल्याकडे पावसाळ्यांत किनाऱ्याचें पाणी मचूळ होतें, तें ह्या कामास निरुपयोगी. स्वयंपाकाच्या मिठानेंही भागत नाहीं. त्यांत समुद्रांतील मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादि क्षार पुरेसे नसतात. काटकसर करावी ती पेटींत आणि मेजांत. मिठांत करूं नये, आणि वेळांत तर मुळींच करूं नये. सारें मांडून झाल्यावर चार ते सहा आठवडे थांबावें, अमोनिया उरला नाहीं ह्याची परीक्षा करावी, आणि मग एकच लहान मासा सोडावा.

दोन गोष्टी बजावून सांगावयाच्या आहेत. आपल्या देशांत दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ सालीं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घातले गेले. मालवणचा समुद्र १९८७ सालापासून अभयारण्य आहे. तेथून कांहीं उचलूं नये. गॉसच्या किनाऱ्यावर जें घडलें तें आपल्या किनाऱ्यावर घडूं नये. दुसरें, वाढलेलें शेवाळ समुद्रांत किंवा खाडींत कधींही फेंकूं नये. १९८४ सालीं मोनॅकोच्या समुद्रसंग्रहालयाखालच्या पाण्यांत मत्स्यालयांत वाढणाऱ्या कॉलर्पा जातीच्या शेवाळाचा केवळ एका चौरस मीटरभर तुकडा दिसला. पुढल्या पंधरा वर्षांत भूमध्य समुद्राच्या तळावर हजारो हेक्टर तें पसरलें. काढलेलें शेवाळ उन्हांत वाळवावें आणि मग मातींत पुरावें.

माझ्या घरच्या पेटीस ह्या शिमग्यास दोन वर्षें पुरीं झालीं. तींत फक्त दोन मासे आहेत. येणारे जाणारे मासे पाहतात. मी मात्र सकाळीं प्रथम माजघरांत डोकावतों.

ज्यानें तो प्रश्न विचारला, तो मुलगा आज चाळिशीच्या घरांत असेल. तो हें ऐकत असेल तर त्याला सांगावयाचें आहे: बाळ, पाणी समुद्राचेंच होतें. पण समुद्र म्हणजे नुसतें पाणी नव्हे. त्यांतलें शेवाळ, वाळू, बारीक जीव, डोळ्यांना न दिसणारे जंतु हें सारें आपण किनाऱ्यावरच ठेवून आलों, आणि त्यांची वाट पाहण्याइतका धीर तुझ्या गुरुजींपाशीं नव्हता. उत्तर द्यावयास उशीर झाला खरा.