वेदनेची साक्ष : क्ष-किरण चित्रणातील अपारदर्शक द्रव्ये

राँटजेनने १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरणांचा शोध लावला, आणि १८९६ च्या जानेवारीतच व्हिएन्नात हाशेक व लिंडेन्थाल यांनी एका निर्जीव हाताच्या वाहिन्यांत पाऱ्याच्या संयुगाचे मिश्रण भरून त्यांचे चित्र घेतले. निर्जीव हाताला वेदना नव्हती. खरा प्रश्न जिवंत देहाचा होता. अशा द्रव्याला लोकव्यवहारात ‘डाय’ म्हणतात. वस्तुतः ते काहीच रंगवीत नाही, केवळ किरणांना अडविते.

लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी १९२७ साली सोडियम आयोडाइड टोचून जिवंत मेंदूतील वाहिन्या दृश्यमान केल्या. ते द्रव्य दाहक होते. पुढे १९३१ साली ते ‘थोरोट्रास्ट’कडे वळले. थोरियम डायऑक्साइडचे हे कलिल टोचताना रुग्णाला जवळजवळ काहीच जाणवत नसे, आणि चित्रही उत्तम येई. परंतु थोरियम किरणोत्सारी आहे. त्याचा अर्धायुकाल सुमारे १,४०० कोटी वर्षे. यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा यांत ते कायमचे ठाण मांडून बसे. अमेरिकन वैद्यक परिषदेच्या औषधमंडळाने १९३२ सालीच इशारा दिला होता. तथापि रुग्ण कुरकुरत नव्हता, म्हणून वापर पाचव्या दशकानंतरही चालू राहिला. यकृताच्या कर्करोगाची नोंद १९४७ साली झाली, आणि पुढे वीस-तीस वर्षांपूर्वी टोचून घेतलेल्यांतही तो आढळू लागला. रुग्णाच्या सुखाला निरुपद्रवतेचा पुरावा मानण्याची ही जबर किंमत होय.

याच्या उलट आयोडीनयुक्त क्षारांची गोष्ट. ते मूत्रावाटे निघून जात, म्हणून थोरियमची भीती नव्हती. पण धमनीत सोडताच अंगात आगीचा लोळ उठे. बहुतेकांनी हा त्रास अपरिहार्य मानला. स्वीडनमधील माल्मो येथील टॉर्स्टन आल्मेन यांनी मात्र त्याचे कारण शोधले. समुद्राच्या अधिक खाऱ्या पाण्यात डोळे चुरचुरतात, कमी खाऱ्यात नाहीत, हा बालपणीचा अनुभव त्यांना आठवला. क्षाराचे द्रावणात दोन कण होतात, आणि त्यांपैकी एकाच कणात आयोडीन असते. दुसरा केवळ तर्षण दाब, म्हणजे पाणी ओढून घेण्याचे बळ, वाढवितो. हा दाब रक्ताच्या पाच ते आठ पट होई. मग विद्युत्‌भारच नसलेला, तरीही पाण्यात विरघळणारा रेणू का घडवू नये? १९६९ साली त्यांनी हा विचार लेखाद्वारे मांडला. ऑस्लोच्या नायगार्ड कंपनीने तो उचलला. प्रथम मेट्रिझामाइड आले, परंतु ते द्रावात टिकत नसे व ऐनवेळी विरघळवावे लागे. १९८२ साली आयोहेक्सॉल आले. त्याचा दाब रक्ताच्या दोन-तीन पट एवढाच होता, आणि दाह पुष्कळ ओसरला.

मात्र ते जुन्या क्षारांपेक्षा कितीतरी महाग असल्याने, सर्वांना द्यावे की केवळ अधिक धोका असलेल्या रुग्णांसाठीच राखावे, हा वाद त्या दशकात अमेरिकेतील इस्पितळांत दीर्घकाळ रंगला.