डिजिटल वर्गासाठी शिक्षकांना मदत कोठून मिळते?

बपेरा हे भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यातले, मध्य प्रदेशच्या सीमेलगतचे गाव. अशा टोकाच्या गावात शाळेतला स्मार्ट टीव्ही बंद पडला, तर एका केबलसाठी तालुक्याहून कोणी येत नाही. ज्यांना परवडते ते मुलांना कॉन्व्हेंटच्या बसमध्ये बसवतात. जिल्हा परिषद शाळेत उरतात ती मजुरांची, अल्पभूधारकांची, म्हणजे बहुतेक आपल्याच वस्त्यांमधली मुले. म्हणून हा प्रश्न फक्त गुरुजींचा नाही.

पुष्कळ ठिकाणी प्रोजेक्टर कपाटात असतो, आणि त्याला शिक्षकाचा आळस हे कारण क्वचितच असते. वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला चढलेली असते. बिघडली तर जाब मुख्याध्यापकाला द्यावा लागतो. शिवाय दोन शिक्षकी शाळेत विचारायला शेजारी कोणी नसते. व्हॉट्सॲप गटावर विचारावे तर तिथे अधिकारीही असतात. वीस वर्षे शिकवलेल्या मॅडम ‘आवाज टीव्हीतून का येत नाही’ हे तिथे लिहीत नाहीत. आमच्या मते खरी अडचण या संकोचाची आहे, यंत्राची त्यानंतर.

सरकारी व्यवस्थेत मदतीची साखळी आहे. केंद्रप्रमुख, तालुक्याचे गट साधन केंद्र आणि तेथील विषय साधनव्यक्ती, त्यावर भंडाऱ्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था. पण सर्वांत उपयोगाची जागा म्हणजे केंद्रातील शिक्षकांना एकत्र आणणारी शिक्षण परिषद. तिथे सूचना आणि परिपत्रकांतच वेळ जातो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्यातला अर्धा तास ‘अडलेले यंत्र घेऊन या’ यासाठी मागून घेता येईल. शेजारच्या गावच्या शिक्षकाने हाताला धरून दाखवलेले लक्षात राहते. ऑनलाइन प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र फाइलला लागते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचे नाव आपण ऐकले आहे. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा त्यांचा प्रयोग पुढे राज्याच्या पुस्तकांत आला. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, १० लाख डॉलरचे. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांना वाटून दिली. बातम्यांत गाजला तो क्यूआर कोड. आम्हाला ही वाटणी जास्त महत्त्वाची वाटते.

नेटवर्क नसणे ही सबब निम्मी खरी आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ ॲपवरील पाठ डाउनलोड करून ठेवता येतात. एका शिक्षकाने नेट असलेल्या ठिकाणी ते उतरवले, की पेन ड्राइव्हने किंवा मोबाइलवरून मोबाइलवर देऊन पूर्ण केंद्राचे काम भागते. वीजबिल, इंटरनेट, नादुरुस्त साहित्य बदलणे यासाठी समग्र शिक्षाचे संयुक्त शाळा अनुदान वापरता येते. ते पटसंख्येनुसार मिळते आणि अपुरेच असते, पण ते कशावर खर्च झाले हे पालकांनी विचारायला हरकत नाही.

विचारायची जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि वंचित व दुर्बल घटकांच्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. आपल्या वस्तीतल्या किती आया या समितीवर आहेत आणि त्यांना बैठकीचा निरोप जातो का, हे कार्यकर्त्यांनी आधी पाहावे. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा हीच समिती तयार करते. टीव्हीची दुरुस्ती त्यात लिहून घ्या.

आयटीआय, पॉलिटेक्निक, एमएस-सीआयटी केलेली मुले-मुली आज जवळपास प्रत्येक गावात आहेत. त्यांनी मुख्याध्यापकांशी बोलून महिन्यातला एक शनिवार ठरवावा, शाळा सुटल्यावर तासभर. पहिल्या भेटीत फोटो नको, फेसबुक पोस्ट नको. नाहीतर शिक्षक पुन्हा अडचण सांगणार नाहीत. आणि माऊस शिक्षकाच्याच हातात राहू द्या. आपण पटकन करून दिले तर पुढच्या सोमवारी मॅडम पुन्हा अडतील. केबल कुठली कुठे लागते ते मराठीत कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवा, आणि खाली गावातल्याच कोणाचा तरी मोबाइल नंबर त्याला विचारून लिहा.