खजुराचा गारा
अलिबागकडे तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी मात्र घाणा बंद ठेवणारे ते शनिवार तेली. म्हणजे बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. वल्हांडणाच्या ताटात त्यांना हारोसेत लागतेच. मिसरात गुलामीत विटा केल्या, त्या गाऱ्याची ही खूण. युरोपात सफरचंद-अक्रोड कुटतात, आपल्या कोकणात खजूर. बिया काढायच्या, भिजवून उकळायचा, फडक्यातून गाळायचा, मग रस आटवत बसायचे. दिसायला चिखल, चवीला गोड!

१८७४ साली पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हग्गादात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका चक्क साड्या नेसून बसल्यात. धर्मग्रंथ हाताशी नव्हते तेव्हाही आंबटाचे भांडे झाकून हा सण पाळला, म्हणून नाव 'अनाशी ढाकाचा सण'. आंबवलेले वर्ज्य म्हणजे काय, हे जैन बाईला वेगळे सांगायला नको.

गोव्यात मात्र १५६० साली इन्क्विझिशन आले. वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ साली वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला, कातारिनाला, गुप्तपणे यहुदी धर्म पाळते म्हणून जाळले. १५८० साली ओर्तांची हाडेसुद्धा उकरून जाळली. आपले पेडणे-डिचोली तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हते. जुन्या गोव्यातल्या अशा घरात खजूर आटवायचा, तर वास बाहेर जाण्याचीही धास्ती.