गुडघ्याच्या क्रीडादुखापती

मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि वाटी यांचा मिळून गुडघ्याचा सांधा बनतो. हाडांची खाच उथळ असल्याने त्याचे स्थैर्य चार मुख्य लिगामेंट, दोन अर्धचंद्राकृती गाद्या आणि मांडीचे स्नायू यांच्यावर अवलंबून असते.

खेळाडूंच्या दृष्टीने सर्वांत गंभीर दुखापत म्हणजे सांध्यात तिरके बसलेले पुढचे लिगामेंट, अर्थात एसीएल, फाटणे. कबड्डीत बचावपटूने पाय धरलेला असताना चढाईपटूचे धड वळते, तेव्हा ते फाटू शकते. फुटबॉल, बास्केटबॉलमध्ये बहुधा कोणाचाही धक्का न लागता, उडीनंतर किंवा दिशा बदलताना गुडघा आत झुकून ते तुटते. ‘कट’ असा आवाज येतो आणि सांध्यात रक्तस्राव होऊन काही तासांतच गुडघा सुजतो. ही लवकर आलेली सूज निदानाची मोठी खूण आहे; ‘लचक भरली’ म्हणून मालिश करणे घातक ठरते. काही आठवड्यांत वेदना ओसरते, सरळ चालता येते आणि खेळाडू मैदानात परततो. मग वळताना गुडघा सटकतो आणि दर वेळी गादी चिरडली जाते. गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला पुरेसा रक्तपुरवठा असल्याने आतली चीर सहसा भरून येत नाही. म्हणून खरे नुकसान अनेकदा या घाईच्या पुनरागमनात होते.

निदान लॅकमन चाचणी आणि एमआरआयने होते. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही. वळणे-उड्या मारण्याच्या खेळांत मात्र दुर्बिणीतून स्वतःच्याच स्नायुबंधाचे रोपण बहुधा करतात. 9 महिन्यांच्या आत परतल्यास ते पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो. कुस्तीगीर विनेश फोगाट 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघ्याला जबर दुखापत होऊनही 2018 मध्ये आशियाई सुवर्णपदक जिंकली. 2023 मध्ये दुसऱ्या गुडघ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली, तरी पुढच्याच वर्षी तिने पॅरिसला अंतिम फेरी गाठली.

सारख्याच खेळांत मुलींमध्ये एसीएल फाटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा कित्येक पट आढळते. तोल, उडीनंतर पाय टेकवणे आणि मांडीचे बळ यांवर भर देणारा ‘फिफा 11+’सारखा सराव दुखापती कमी करतो. शालेय संघांत त्याला वेळ मिळायलाच हवा.

अतिवापराचे विकार वेगळे. व्हॉलीबॉलपटूंना वाटीखालचा स्नायुबंध दुखतो, धावपटूंना वाटीमागे. वाढीच्या वयात नडगीच्या वरच्या टोकाला येणारा दुखरा उंचवटा म्हणजे ऑस्गुड-श्लॅटर विकार. 1903 मध्ये नोंदला गेलेला हा विकार भार कमी केल्यावर आणि वाढ पूर्ण झाल्यावर बहुधा आपोआप शमतो.