प्रवासातील पॉडकास्ट-श्रवण

नोकरी, शिक्षण वा व्यापारासाठी दररोज ये-जा करताना भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित कार्यक्रम ऐकण्याच्या प्रघातास प्रवासातील पॉडकास्ट-श्रवण म्हणता येईल. आकाशवाणीचा कार्यक्रम ठरलेल्या वेळीच ऐकावा लागतो; पॉडकास्टचा भाग मात्र श्रोत्याला हवा तेव्हा सुरू करता येतो आणि अर्ध्यावर थांबवून परतीच्या वाटेवर पुढे ऐकता येतो. 'पॉडकास्टिंग' हा शब्द ब्रिटिश पत्रकार बेन हॅमर्स्ली यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये 'द गार्डियन'मध्ये योजला. त्यास सर्वमान्य मराठी प्रतिशब्द अद्याप रूढ झालेला नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात अशा श्रवणास पुणे रस्ता विशेष सोयीचा आहे. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी याच पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. सुमारे १२० किलोमीटरच्या या प्रवासात एखादी दीर्घ मुलाखत सहज ऐकून होते. भाग आधीच उतरवून घेतल्यास वाटेत नेटवर्क गेले तरी खंड पडत नाही. २०१७ मध्ये भारतात आलेल्या 'स्टोरीटेल'मुळे मराठी श्राव्यपुस्तकेही प्रवाशांच्या हाती आली.

श्रवणयंत्र न लावता मोठ्या आवाजात ऐकणे सहप्रवाशांना तापदायक ठरते. मुंबईत बेस्टने एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये त्यास मनाई केली. दुचाकीस्वाराने कानात ध्वनिग्राहक घालून ऐकणे तर धोक्याचेच, कारण मागील वाहनाचा भोंगा ऐकू येत नाही. वाहन चालविताना हातात संपर्कसाधन धरून वापरणे हे मोटार वाहन अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार कलम १८४ खाली धोकादायक चालन ठरू शकते.