शस्त्रप्रदर्शन, स्वसंरक्षणार्थ

हल्ल्याची भीती उत्पन्न झाली असता हल्लेखोरास परावृत्त करण्यासाठी पिस्तूल वा तत्सम शस्त्र केवळ दाखविणे, परंतु न चालविणे, या कृतीस ही संज्ञा लावतात. हीच कृती एका बाजूने पाहता संरक्षण, तर दुसऱ्या बाजूने पाहता धमकी ठरते. त्यांमधील सीमारेषा आखण्याचा प्रयत्न इंग्लंड व अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांच्या विधीत दीर्घकाळ चालू आहे.

इंग्लंडमध्ये तिसऱ्या एडवर्डच्या कारकीर्दीत, १३२८ साली, नॉर्दॅम्प्टनचा अधिनियम संमत झाला. जत्रा, बाजार इ. ठिकाणी सशस्त्र फिरण्यास त्याने मनाई केली. मात्र ब्रिस्टलचे सर जॉन नाइट यांच्यावर १६८६ मध्ये याच अधिनियमाखाली चाललेल्या खटल्यात प्रजेला भयभीत करण्याच्या हेतूस महत्त्व देण्यात आले व ते निर्दोष सुटले. त्यापूर्वी, १६६९ च्या टबर्व्हिल विरुद्ध सॅव्हेज या वादात, एकाने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला, पण न्यायाधीश फेरीवर आलेले नसते तर आपण असले बोलणे खपवून घेतले नसते, असेही तो म्हणाला. त्याच्या शब्दांनीच धमकीचा निरास झाला, सबब तो हल्ला नव्हे. आणि म्हणून त्याच्यावर तुटून पडलेल्या प्रतिपक्षास स्वसंरक्षणाची सबब मिळू शकत नाही, असा निर्णय झाला. शब्दांवरून हावभावांचा अर्थ ठरतो, हे तत्त्व पुढे १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३५१ च्या स्पष्टीकरणातही आले.

अमेरिकेत मॅसॅचूसेट्सच्या १८३६ च्या कायद्याने हल्ल्याची रास्त भीती नसताना खंजीर, तलवार वा पिस्तूल बाळगून फिरणाऱ्याकडून, तक्रार झाल्यास, शांततेबद्दल जामीन घेण्याची तरतूद केली. कारण असले, की शस्त्र क्षम्य, हा विचार त्यामागे दिसतो. तथापि पुढे अनेक राज्यांत एक विसंगती उरली. स्वसंरक्षणाची कलमे बळाच्या ‘वापरा’विषयी बोलत, केवळ बंदूक दाखविणाऱ्याने बळ वापरलेच नाही, असे म्हणता येई. परिणामी गोळी झाडणाऱ्यास बचाव उपलब्ध असे, आणि संयम पाळणाऱ्यावर मात्र घातक शस्त्रानिशी हल्ल्याचा आरोप येई. किंवा शस्त्र दाखविणे हेच प्राणघातक बळ समजले जाई व ठार मारण्याइतका प्रसंग असल्याखेरीज ते असमर्थनीय ठरे. दोन्ही भूमिका माणसाला गोळी झाडण्याकडेच ढकलतात, हा आक्षेप रास्त आहे.

अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटच्या १९६२ च्या आदर्श दंड संहितेने यावर तोड काढली. गरज पडल्यास प्राणघातक बळ वापरू, एवढीच धास्ती निर्माण करण्यापुरते शस्त्र दाखविणे हे प्राणघातक बळ नव्हे, असे तीत नमूद केले. टेक्ससच्या १९७४ पासून अंमलात आलेल्या दंड संहितेत हेच तत्त्व आहे. ॲरिझोनाने २००९ मध्ये स्वतंत्र कलम करून बंदूक असल्याचे सांगणे, ती दाखविणे वा खिशातील बंदुकीवर हात ठेवणे यांचे समर्थन मान्य केले. परंतु भांडण मुद्दाम ओढवून घेणाऱ्यास ते लाभत नाही. फ्लॉरिडात इशारेवजा गोळी झाडणाऱ्या एका स्त्रीस २०१२ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. तिचा दोषनिर्णय पुढे रद्द झाला व २०१४ मध्ये बळाच्या ‘धमकी’लाही कायद्याचे संरक्षण मिळाले. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०२४ मध्ये उलट दिशा धरली : माघार घेणे शक्य असेल, तर घातक शस्त्र दाखवून धाक घालण्यापूर्वी ती घेतलीच पाहिजे.

भारतात या विषयावर स्वतंत्र कलम नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खाजगी संरक्षणाचा हक्क देतात, मात्र आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा देत नाहीत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवाना आवश्यक असून, २०१६ च्या शस्त्र नियमांनी सार्वजनिक जागी बंदूक परजण्यास मनाई केली आहे.